आप्पांची वही आणि माझी कुलपं

आप्पांनी एवढंच विचारलं होतं, "कांदेबागना कितला पैसा बाकी शे?" कांदेबाग म्हणजे आमच्याकडचा केळीचा एक हंगाम. वही समोर होती, पेन त्यांच्या खिशात होतं. चार पानांची बेरीज, दहा मिनिटांचं काम. पण मी पुण्यात सहा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढून घरून काम करायला चोपड्याला आलेला माणूस. बेरीज कशाला करू? म्हटलं, "आप्पा, चार दिवस थांबा. तुम्ही फोनला विचारायचं, फोन सांगेल."

आप्पा थांबले. केळीचे व्यापारी तर थांबायला कधीचेच तयार होते.

कल्पना तशी वाईट नव्हती. एआय असिस्टंट गोड बोलतो, पण आपल्या फडताळातली वही त्याला दिसत नाही. ती दाखवायची एक ठरलेली रीत आहे, मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, घरच्या नावाने एमसीपी. अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये ती सगळ्यांसाठी खुली केली. आपण एक छोटा सर्व्हर, म्हणजे विचारलं की माहिती देणारा प्रोग्रॅम लिहायचा आणि त्यात 'टूल' ठेवायची. माझी दोन होती: एक बाकी सांगणारं, एक कापणीच्या तारखा सांगणारं. असिस्टंट त्यांचं वर्णन वाचतो आणि गरज पडली की हाक मारतो. लॅपटॉपवर हे सगळं एका दुपारीच चाललं. मग लाईट गेली. मे महिना, पारा ४५ वर, इन्व्हर्टर कूलरने आधीच पिऊन टाकलेला. लॅपटॉप झोपला की आप्पांच्या फोनने कुणाला विचारायचं? सर्व्हर क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्याच्या कायम चालू यंत्रावर न्यायचं ठरलं. मुंबईच्या डेटा सेंटरमधलं एक यंत्र भाड्याने घेतलं. ते तिकडे एसीत, मी इकडे डोक्यावर ओला पंचा घेऊन.

आमच्या घराची चावी दाराच्या चौकटीवर असते आणि ते अख्ख्या गल्लीला माहीत आहे. आमच्याकडे कुलूप चोरासाठी नसतंच, शेजारच्या बकरीसाठी असतं. अशा संस्कारांत वाढलेल्या माणसाने सुरक्षित सर्व्हर उभारायचा होता.

पहिली चावी एसएसएचची, म्हणजे दूरच्या यंत्रात सुरक्षितपणे शिरू देणाऱ्या प्रोग्रॅमची. फाइल उतरवली, जोडायला गेलो तर नकार. ही चावी या कॉम्प्युटरवरच्या इतरांनाही वाचता येते, म्हणून मी ती घेणार नाही, असं त्याचं म्हणणं. इतर कोण? त्या लॅपटॉपवर मी आणि मायच्या चारधामचे फोटो, एवढेच राहतो. पण ते ऐकेना. फाइलची परवानगी ६०० केली, म्हणजे ती फक्त मलाच वाचता येईल अशी, तेव्हा दार उघडलं.

मग फायरवॉल, म्हणजे यंत्राच्या दारांवरचा पहारेकरी. २२ नंबरचं, एसएसएचचं दार फक्त आपल्या इंटरनेटवरच्या पत्त्याला उघडं ठेवावं म्हणतात. पण माझं नेट मोबाइलचं, त्याचा पत्ता दर थोड्या वेळाने बदलतो. दुपारभर पत्ते बदलून वैतागलो आणि शेवटी लिहून टाकलं, शून्य डॉट शून्य डॉट शून्य डॉट शून्य, स्लॅश शून्य. याचा अर्थ 'कुणीही या'. इंटरनेटच्या जुन्या, आयपीव्ही४ पद्धतीचे पत्ते सुमारे ४२९ कोटी, तितक्यांना एकदम आवतण! शेवभाजी खाऊन परत आलो, लॉग, म्हणजे यंत्राने ठेवलेली आल्यागेल्याची नोंद उघडली, तर दारात रांग. कुणी 'रूट' म्हणून येतंय, कुणी 'अ‍ॅडमिन', कुणी नुसतंच 'टेस्ट'. ही यंत्रं जगभरची दारं ठोठावत फिरतात, माझ्याशी त्यांचं वैर नव्हतं. आप्पांनी स्क्रीनकडे पाहिलं. "इतला लोक कसाले येतस?"

"कुलूप हलवून बघताहेत, आप्पा."

"मंग त्यास्ले पानी तरी पाज."

रात्री जागून ते दार बंद केलं आणि फक्त ४४३, म्हणजे सुरक्षित वेबसाइटचं दार उघडं ठेवलं. त्याला लागणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट नावाच्या संस्थेने फुकट दिलं. नव्वद दिवसांचं आहे, पुढचं पुढे. त्याच रात्री कोड गिटवर, म्हणजे कोडचे सगळे जुने-नवे बदल जपणाऱ्या प्रणालीवर चढवला आणि सोबत डेटाबेसच्या पासवर्डची फाइलही चढवली, सार्वजनिक जागेत. म्हणजे पुन्हा चावी चौकटीवरच. घाईघाईने फाइल पुसली. पण गिट जुनं काही विसरत नाही, आमच्या मोठ्या आत्यासारखं. पासवर्डच बदलावा लागला.

सगळ्यात जास्त रक्त ओऑथने, म्हणजे पासवर्ड न देता परवानगी द्यायच्या पद्धतीने आटवलं. असिस्टंट दारात येतो, सर्व्हर '४०१', म्हणजे 'आधी ओळख दाखव', म्हणून त्याला परत पाठवतो. मग लॉगिनचं पान, आप्पांची संमती, आणि तिथून ठरलेल्या पत्त्यावर परत. तो पत्ता दोन्हीकडे अक्षर न् अक्षर सारखा हवा. माझ्या एका पत्त्याच्या शेवटी एक तिरकी रेघ जास्त होती. दोन दिवस गेले त्या रेघेत! सातबाऱ्यावर 'भाऊ' आणि आधारवर 'भाई' असलेल्या माणसाचं दुःख मला तेव्हा कळलं.

एक गोष्ट मात्र मी शहाण्यासारखी केली. सालदाराला गोठ्याची चावी देतात, तिजोरीची नाही. तसं माझ्या टूलना फक्त वाचायची मुभा ठेवली, लिहायची नाही.

चार दिवसांचे अकरा झाले. आप्पांनी फोन तोंडाशी धरला आणि विचारलं. फोनने अदबीने तीन व्यापाऱ्यांची नावं आणि आकडे सांगितले. आप्पांच्या कपाळाला आठी पडली. चौथा कुठे गेला? सगळ्यात मोठी बाकी तर त्याच्याकडे.

टूल तपासलं, चौथा त्यात होता. असिस्टंटपर्यंत पोचलाही होता. मग मूळ नोंद उघडली. वही मी शब्दन् शब्द उतरवली होती, शेऱ्यासकट. चौथ्याच्या नावापुढे आप्पांच्या अक्षरातला शेरा होता: 'याचं नाव काढू नये. आखाजीला देणार आहे.' असिस्टंटला वाटलं, हुकूमच आहे. त्याने नाव काढलं नाही.

माहितीत दडवलेल्या सूचनेने असिस्टंटला फिरवायचं, याला प्रॉम्प्ट इंजेक्शन म्हणतात. हॅकर लोक ते फार डोकं लावून करतात. माझ्या सगळ्या कुलपांच्या आत बसून आप्पांनी ते निळ्या पेनाने केलं होतं. आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन पंधरा दिवस उलटले होते.

मी हे सगळं त्यांना समजावून सांगितलं. त्यांना वाईट वाटेल असं वाटलं होतं. ते खूश झाले.

"मीच लिखेल शे ना ते! ऐकस रे भो तो."

आणि खिशातलं पेन काढून वहीत आणखी काय काय लिहायला बसले.