स्नोमोबिल आयडलला धरत नाही म्हणून लगेच स्क्रू पिळू नका

बर्फ पडायला लागला की अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या आपल्या मंडळींत स्नोमोबिलचा, म्हणजे बर्फावर पळणाऱ्या गाडीचा, एक मेसेज फिरायला लागतो, यंदा मला चौघांनी पाठवला. त्यात काय, तर "स्नोमोबिल स्टार्ट होते पण रेस सोडली की बंद पडते? थंडीत असं होतंच. आयडलचा स्क्रू वाढवा, नाहीतर चोक अर्धा ओढून चालवा, प्लग नवे टाका, कार्बोरेटरच्या तोंडात क्लीनर मारा, दहा मिनिटांत काम." (आयडल म्हणजे रेस न देता इंजिन चालू राहणं.) माझ्याकडे जुनी दोन सिलिंडरची, दोन कार्बोरेटरवाली टू-स्ट्रोक आहे आणि ती मीच खोलतो, त्यामुळे गप्प बसवेना. (इंजेक्शनवाल्या गाड्यांचं प्रकरण वेगळं, ते इथे नको.)

पहिलं, "थंडीत असं होतंच." अहो, ती बनवलीच आहे थंडीसाठी! आता हवा गार झाली की दाट होते हे खरं, शून्याला असते त्यापेक्षा उणे तीसला साधारण १२ टक्के जास्त, म्हणजे तेवढ्याच पेट्रोलला हवा जास्त आणि मिक्स्चर लीन, म्हणजे पेट्रोल कमी. पण ते जेटिंगचं, म्हणजे योग्य भोकाचे जेट (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी नळ्या) बसवण्याचं काम झालं. मागच्या सीझनला याच थंडीत मस्त आयडलला धरणारी गाडी आज बंद पडत असेल तर थंडीला कशाला शिव्या घालायच्या.

आता आयडलचा स्क्रू, सगळा घोळ इथेच आहे. हा स्क्रू फक्त कार्बोरेटरमधली स्लाइड, म्हणजे हवेची वाट उघडणारं सरकतं झाकण, जराशी उचलून धरतो, बाकी काही नाही. आयडलला पेट्रोल येतं ते पायलट जेटमधून, आणि त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक. मार्चमध्ये गाडी तशीच झाकून ठेवली, फ्लोट बाऊलमधलं (कार्बोरेटरखालच्या वाटीतलं) पेट्रोल काढलं नाही, की ते उन्हाळाभर उडून चिकट पिवळा थर उरतो आणि सगळ्यात आधी बुजतं ते हेच भोक. तुम्ही स्क्रू वाढवला की स्लाइड वर जाते, स्लाइडला लटकलेल्या सुईच्या, म्हणजे नीडलच्या, बाजूने थोडं पेट्रोल यायला लागतं, गाडी धरते आणि आपल्याला वाटतं झालं काम. झालं काहीच नाही, जेट अजून बंदच आहे. आयडल दीड-दोन हजार आरपीएमला हवं ते तीन हजारावर जातं, क्लच साडेतीन-चार हजाराच्या आसपास पकडणारा, मग उभ्या गाडीत बेल्ट घासतो आणि गाडी हळूच पुढे सरकायला बघते.

वर अजून एक गंमत. बऱ्याच गाड्यांत थ्रॉटलपाशी एक सेफ्टी स्विच असतो, केबल सैल पडली की त्याला वाटतं स्लाइड बर्फाने अडकली आणि तो इंजिनच बंद करतो. स्क्रूने स्लाइड वर उचलली की केबल आपोआप सैल होते! मी स्वतः यात फसलोय. स्क्रू वाढवला आणि त्यानंतर अंगठा काढला रे काढला की गाडी चावी फिरवल्यासारखी गप्प, तीन संध्याकाळी मी जेट सोडून वायरिंग तपासत बसलो होतो.

"चोक अर्धा ओढून चालवा." चोकवर चालते आणि चोक काढला की मरते, म्हणजे ती ओरडून सांगतेय की पेट्रोल कमी पडतंय. एकतर जेट बुजलाय, नाहीतर कुठूनतरी जास्तीची हवा आत येतेय. कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधला रबरी बूट हाताने वाकवून बघा, सरळ असताना भेगा दिसत नाहीत, वाकवला की उघडतात. रेस सोडल्यावर आरपीएम पटकन खाली न येता वरच रेंगाळत असेल तर हाच संशय आधी घ्या, बूट चांगला निघाला तर मग क्रँकचे, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचे, सील. हवा खेचणारी गाडी चोकच्या जिवावर गोठलेल्या तळ्यावर फुल थ्रॉटल पळवली तर पिस्टन चिकटतो, मग रडत बसा.

प्लगचं म्हणाल तर बदला, स्वस्त आहेत. फक्त जुने फेकायच्या आधी शेजारी शेजारी ठेवून बघा. एक काळा ओला आणि दुसरा पांढुरका निघाला तर भानगड बहुतेक एकाच बाजूची आहे, अर्धं काम तिथेच झालं.

आणि तो क्लीनरचा फवारा! तोंडातून मारलेला क्लीनर बुजलेल्या पायलट जेटपर्यंत धड पोचत नाही, उलट सिलिंडरवरचं ऑइल धुऊन नेतो. बाऊल खोला, जेट काढा, उजेडाकडे धरा. लहानपणी आमच्या गल्लीतला मेकॅनिक आरएक्स १००चा जेट असाच काढून फुंकायचा आणि एक डोळा मिटून उन्हाकडे धरायचा, आरपार गोल ठिपका दिसला तरच परत बसवायचा. अगदी तेच करायचं, फक्त इथे उन्हाऐवजी गराजचा बल्ब. तार घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं. दोन्ही कार्बोरेटर साफ करा, एकच करून दुसरा "बरा दिसतोय" म्हणून सोडू नका. एअर स्क्रू (आयडलच्या मिक्स्चरमधली हवा कमी-जास्त करणारा) हलक्या हाताने पूर्ण बसवून मॅन्युअलमध्ये दिलेत तेवढे, बहुतेक एक ते दीड, आटे बाहेर घ्या, दोन्ही स्लाइड एकदमच उचलतायत ना बघा, मग आयडल लावा आणि सगळ्यात शेवटी केबलचा ढिलेपणा. आणि हो, हे करताना गराजचं दार उघडं हवं, थंडी वाजली तरी, बंद जागेत धूर जीव घेतो.

राहता राहिलं "दहा मिनिटांत". मला सव्वादोन तास लागले, त्यातला अर्धा तास नुसते बूटचे क्लॅम्प सोडवण्यात, कारण गार पडलेल्या बोटांतून स्क्रूड्रायव्हर सारखा निसटत होता.