फाइलच्या नावापुढे प्रश्नचिन्ह लावून पीएचपीला पॅरामीटर मिळत नाहीत

बराच फिरणारा सल्ला असा: “ब्राउझरवर चालणारी पीएचपी स्क्रिप्ट क्रॉनवर लावायची? फाइलच्या नावापुढे प्रश्नचिन्ह टाकून पॅरामीटर लिहा, गेट ॲरे आपोआप भरतो. नाही भरला तर पार्स-स्ट्रची एक ओळ टाका. तेही नको तर कर्लने यूआरएल बोलवा.” (क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय; गेट ॲरे म्हणजे यूआरएलमधले पॅरामीटर पीएचपीला जिथे मिळतात तो ॲरे; पार्स-स्ट्र म्हणजे तसा मजकूर तोडून ॲरे करणारं फंक्शन; कर्ल म्हणजे कमांड लाइनवरून वेबपत्ता उघडणारं साधन.)

“आपोआप भरतो.” नाही भरत. प्रश्नचिन्हाच्या पुढचा भाग तोडून वेगळा द्यायचं काम वेब सर्व्हरचं, आणि कमांड लाइनवर सर्व्हर मध्ये नसतोच. ‘पीएचपी रिपोर्ट.पीएचपी?मंथ=४&इयर=२०२५’ लिहिलंत की आधी शेल (तुमची कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) अँपरसँडपाशी ओळ तोडतो: डावा तुकडा बॅकग्राउंडला, उजवा नुसता शेल व्हेरिएबल. अवतरणात घातलंत तर शेल गप्प बसतो, पण पीएचपी त्या अख्ख्या नावाची फाइल शोधतं आणि ‘कुड नॉट ओपन इनपुट फाइल’ म्हणतं. पॅरामीटर स्पेस देऊन लिहायचे; ते आर्गव्ही या ॲरेमध्ये येतात. शून्यावर स्क्रिप्टचं नाव, तुमची किंमत १ पासून.

यात खरा अंश एवढाच की पीएचपी-सीजीआय हा वेगळा बायनरी स्पेसने दिलेल्या ‘मंथ=४’वरून गेट भरतो. पण तो आउटपुटच्या आधी एचटीटीपी हेडर छापतो (‘-क्यू’ दिलं तर नाही).

“पार्स-स्ट्रची एक ओळ.” म्हणजे आर्गव्हीचे तुकडे अँपरसँडने जोडून पार्स-स्ट्रला द्यायचे. ‘मंथ=४’ला चालतं, म्हणूनच ही ओळ इतकी पसरली. पण पार्स-स्ट्र प्रत्येक किंमत यूआरएल समजून उलगडतं. ‘+९१’ने सुरू होणाऱ्या मोबाइल नंबरातला प्लस जाऊन स्पेस येते. ‘शहा & सन्स’ दिलंत तर हाती ‘शहा’ उरतो. पॅरामीटरच्या नावातल्या टिंबाचा अंडरस्कोर होतो. एरर कुठेच नाही.

त्याऐवजी गेटऑप्ट वापरा, म्हणजे ‘--मंथ=४’सारखे ऑप्शन वाचणारं पीएचपीचं फंक्शन. त्याला ऑप्शनची नावं द्यायची: नावापुढे एक कोलन म्हणजे किंमत हवीच, दोन म्हणजे ऐच्छिक. ‘--मंथ’सारख्या ऑप्शनची ऐच्छिक किंमत बरोबरच्या चिन्हानेच जोडावी लागते, स्पेस चालत नाही. खोच पुढे आहे: ऑप्शन नसलेला पहिला शब्द दिसला की गेटऑप्ट थांबतं. ‘रिपोर्ट.पीएचपी पुणे --मंथ=४’ला रिकामा ॲरे मिळतो. ‘हवीच’ असलेला ऑप्शन दिलाच नाही तरीही ते तक्रार करत नाही. तपासणी तुमची: नसेल तर एरर आउटपुटवर संदेश आणि एक्झिट कोड १.

“कर्लने बोलवा.” क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या कमांडच्या यादीत) टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवी ओळ, पहिल्या टक्क्याशी कमांड संपते, उरलेलं स्टँडर्ड इनपुटवर जातं. ‘पुणे’ यूआरएलमध्ये एनकोड केलं की १२ टक्के येतात! प्रत्येकाआधी बॅकस्लॅश द्या. शिवाय वेबच्या वाटेने पीएचपीची वेळमर्यादा लागते (मूळ सेटिंग ३० सेकंद), सीएलआयवर (कमांड लाइनवरच्या पीएचपीत) ती शून्य, म्हणजे मर्यादाच नाही. आणि तो पत्ता ज्याला कळेल तो स्क्रिप्ट चालवू शकतो.

याच सल्ल्याला जोडून येणारी पुस्ती: “आर्गव्ही दिसला म्हणजे स्क्रिप्ट कमांड लाइनवर आहे.” रजिस्टर-आर्गसी-आर्गव्ही सेटिंग चालू असेल तर वेबवरही यूआरएलमधला मजकूर आर्गव्हीत उतरतो, म्हणजे बाहेरचा कोणीही तुमचे ऑप्शन देऊ शकतो. पीएचपी-सॅपी या स्थिरांकाची किंमत ‘सीएलआय’ आहे का, ते बघा.

सगळं बरोबर करूनही क्रॉनवर ‘डेटा/यादी.सीएसव्ही’ उघडत नसेल, तर सीएलआय स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये जात नाही, सीजीआय जातो, हे कारण. पाथच्या आधी डिर हा स्थिरांक (स्क्रिप्टच्या फोल्डरचा पाथ) जोडा.