'वावरात पाय ठेवलाय का?' : एका प्रतिक्रियेला उत्तर

एच-४ या संकरित कापसाचे जनक डॉ. चंद्रकांत पटेल यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली 'एक शेतकरी' या नावाने प्रतिक्रिया आली आहे. म्हणणं असं : पटेलांमुळे दरवर्षी बियाणं विकत घ्यायची वेळ आली, ही कंपन्यांची दलालीच, पुढे बीटीने, म्हणजे जनुक बदललेल्या कापसाने, कंबरडं मोडलं, लेख फार लांब आहे, आणि "तुम्ही कधी कापसाच्या वावरात पाय ठेवलाय का?"

लेख लांबला, मान्य. टीकेचंही वावडं नाही. पण हा शेवटचा प्रश्न कुठल्या तोऱ्यात विचारलात, भाऊ?

मी चोपड्याकडचा. माझी माय सीड प्लॉटवर, म्हणजे संकरित बियाणं तयार करायच्या वावरात, रोजाने जायची. उद्या उमलणारी कळी दुपारनंतर हेरायची, अंगठ्याच्या नखाने पाकळ्या आणि पुंकेसर काढून टाकायचे, आतल्या स्त्रीकेसराला ओरखडाही जाऊ द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल त्यावर फिरवायचं. ती नराची फुलं तोडून आणायचं काम आम्हा पोरांचं. आता काय, सातबारा चिकटवू इथे?

पटेलांचं मोठेपण त्या नखाशीच येऊन थांबतं. संकरित कापूस जोमदार येतो हे त्यांच्या आधीही शास्त्रज्ञांना ठाऊक होतं. पण एकेक फूल हाताने कोण फळवत बसणार, म्हणून घोडं अडलेलं. पटेलांनी सुरतच्या संशोधन केंद्रात गुजरात-६७ आणि अमेरिकन नेक्टरीलेस या दोन वाणांचा संकर केला. एक कळी साधली की बोंडात वीस-तीस सरक्या भरतात, म्हणजे मजुरी निघते, हे त्यांच्या कामाने सिद्ध झालं. १९७० साली एच-४ आला, व्यापारी लागवडीतला जगातला पहिला संकरित कापूस. दोनच वर्षांत धारवाडहून वरलक्ष्मी हा आणखी एक संकरित कापूस आला. सरकारी केंद्रात राबलेल्या अशा माणसाला दलाल म्हणता? काय भो, बोलायला काही धरबंध?

बियाणं दरवर्षी घ्यावं लागतं, हो. संकराची सरकी पुन्हा पेरली की झाडं सारखी येत नाहीत. तो नियम पटेलांनी केलेला नाही. बीटीला परवानगी २००२ मध्ये मिळाली, त्याचा हिशेब एच-४च्या खात्यावर कशाला? त्यावर वाद घालायला मला सवड नाही.

यापुढे टोपणनावाची प्रतिक्रिया छापणार नाही. निदान गाव तरी लिहा.