पातळ कीबोर्ड म्हणजे वेगवान टायपिंग?

लॅपटॉपचा कीबोर्ड जितका पातळ, तितका आवाज कमी आणि वेग जास्त, असं लॅपटॉपच्या कीबोर्डवरच्या एका लेखात वाचलं, पण ते मला पटलं नाही. ॲपलने २०१५ साली आणलेला पातळ बटरफ्लाय कीबोर्ड (बटणांखाली फुलपाखराच्या पंखांसारखी सांधणी असलेला) आठवा. त्याचं बटण जेमतेम अर्धा मिलिमीटर खाली जायचं, पण बोट थेट तळावर आपटायचं आणि शांत खोलीत टकटक चांगलीच ऐकू यायची. शेवटी २०१९च्या १६ इंची मॅकबुक प्रोपासून कंपनी जुन्या कात्रीच्या रचनेकडे (बटणाखाली कात्रीसारख्या एकमेकांना छेदणाऱ्या दोन पट्ट्या) परतली आणि बटण एक मिलिमीटर खाली जाऊ लागलं.

दुसरं म्हणजे, लेखात फक्त इंग्रजी टायपिंगचाच विचार झालाय. मी दिवसभर इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या प्रमाण कीबोर्ड मांडणीत, मराठी टाइप करते. त्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. 'रस्ता' टाइप करताना र, स उजवीकडे, हलन्त (पाय मोडण्याचं चिन्ह) डावीकडे, त पुन्हा उजवीकडे, काना डावीकडे. हात असे आलटूनपालटून चालतात म्हणून लय छान लागते. पण ख, घ, थ, भ सगळी शिफ्ट दाबून! काही लॅपटॉपवर डावी शिफ्ट इतकी आखूड असते की संध्याकाळपर्यंत करंगळी दुखून येते. सरकारी टंकलेखन परीक्षेला मराठीचा वेग मिनिटाला ३० शब्द लागतो. तयारी करणाऱ्या मुलांनी लॅपटॉप घेताना आवाजाआधी ही शिफ्ट बघावी. दुकानातच दहा मिनिटं मराठी टाइप करून बघा, दुकानदार काही नाही म्हणत नाही.