पंखा बंद करा, चिप बसवतोय

पूर्वी चिपला पाय असायचे आणि ते दिसायचे. एटीमेगा३२८पी ही प्रोग्राम करता येणारी चिप घ्या. अठ्ठावीस पाय, दोन पायांत २.५४ मिलिमीटर अंतर, ब्रेडबोर्डावर, म्हणजे सोल्डरिंगशिवाय जोडण्या करायच्या भोकांच्या पाटीवर, ठेवून अंगठ्यानं दाबली की बसली. पण कारखान्यांत चिप यंत्रं चिकटवतात, त्यांना आमच्या अंगठ्याचं काय? अंतर घटत घटत ०.६५ वर आलं. २०२१ साली आलेल्या आरपी२०४० या चिपनं तर कमालच केली. सात मिलिमीटरच्या चौकोनात छप्पन्न जोडण्या, मधलं अंतर ०.४, आणि पाय नाहीतच. सगळा कारभार पोटाखाली. पोटाखालचं सोल्डरिंग नीट झालंय का ते बघायला कारखान्यात एक्स-रे मशीन असतं. आमच्या परभणीतही एक्स-रे आहे, पण तो गुडघ्याचा काढतात.

तरी माणूस या भानगडीत पडतो, कारण स्वस्ताई. सीएच३२व्ही००३ नावाची ३२ बिटी चिप परदेशात साधारण दहा सेंटला मिळते. ४८ मेगाहर्ट्झ, १६ केबी फ्लॅश, २ केबी रॅम. ब्रेडबोर्डात बसणारी आवृत्ती मात्र निघतच नाही. घ्यायची असेल तर अशी घ्या, नाहीतर रामराम.

मला करायची होती नळाची घंटी. येलदरी धरणाचं पाणी आमच्या गल्लीत आठ-दहा दिवसांनी येतं, आणि येतं ते अशा वेळी की फक्त कुत्री आणि शेजारचे काका जागे असतात. काका सांगत नाहीत. आधी स्वतःच्या टाक्या भरून घेतात. म्हणून नळाखालच्या बादलीत स्टीलच्या दोन तारा सोडायच्या, त्यांना पाणी लागलं की बझर वाजणार. तारांमधून सतत डीसी करंट गेला तर त्या खराब होतात, म्हणून चिपनं अधूनमधून क्षणभरच करंट सोडायचा, दर वेळी उलट्या दिशेनं. सेकंदाला चार कोटी ऐंशी लाख ठोके मारणारी चिप आठवडाभर एवढंच बघणार: आलं का पाणी? नाही. आता आलं का? नाही. हे काम घरात आतापर्यंत आई करायची.

शाळेतले एक सहकारी म्हणाले, ‘सर, एका बीसी५४७ ट्रान्झिस्टरवर भागलं असतं की.’ भागलं असतं. भागवायचंच असतं तर छंद कशाला लावून घेतला असता!

खरी लढाई पंख्याशी. ०६०३ मापाचा रेझिस्टर, म्हणजे करंटला आवर घालणारा सुटा भाग, १.६ बाय ०.८ मिलिमीटरचा असतो. नाकानं जरा जोरात श्वास सोडला तरी स्थलांतर करतो. म्हणजे पंखा बंद. आता मे महिन्यात परभणीत, कृषी विद्यापीठातला पारा ४३ दाखवत असताना, घरातल्या चार माणसांना ‘पंखा बंद करा’ म्हणायला काय काळीज लागतं ते मुंबई-पुण्याच्या माणसाला कळायचं नाही. बाहेर ४३, हातातल्या इस्त्रीला म्हणजे सोल्डरिंग आयर्नला ३५०, आणि मधे मी.

‘अहो, किती वेळ?’

‘एकच पिन राहिलीय.’

‘मगाशीपण एकच होती.’

‘ती दुसरी.’

चाळिशीचा चष्मा, त्यावर भिंग, भिंगावर घाम. पहिल्या पिनेची खूण म्हणून चिपच्या पाठीवर ठिपका असतो. तो मोबाईलच्या कॅमेऱ्यात मोठा करूनच दिसतो, आणि मोबाईल खाली ठेवेपर्यंत चिप कुशीवर वळलेली असते. चिमट्यातून निसटलेला रेझिस्टर कुठं जातो ते तर विचारूच नका. आमची फरशी मोझॅकची, त्यात काळे ठिपके मुळातच. मी टॉर्च घेऊन पालथा पडलेला बघून आई दारात आली.

‘काय हुडकायलास रे?’

‘रेझिस्टर पडलाय.’

‘सोन्याचा हाय का?’

‘नाही, काही पैशांचा.’

‘मग ऊठ की! कंबर धरंल.’ आणि तिनं केरसुणी फिरवली. ‘हे काळे तीळ कुणी सांडले म्हणते मी?’ माझे पाच-सहा रेझिस्टर सुपलीतून बाहेर गेले.

चिप बसवणं त्या मानानं सुखाचं. कोपऱ्यातली एक पिन टेकवायची, सगळं सरळ आहे ना बघायचं, मग समोरच्या कोपऱ्यातली. नंतर फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचा चिकट पदार्थ, सढळ हातानं लावायचं आणि सोल्डरचा थेंब पिनांवरून ओढत न्यायचा. बोर्डावरच्या हिरव्या थराला सोल्डर धरत नाही, पॅडला धरतं, त्यामुळं ते आपलं आपण जागेवर जाऊन बसतं. हे बघायला मी पंख्याविना तासभर बसायला तयार आहे; घरचे नाहीत. शेवटच्या दोन पिना मात्र एकमेकींना सोडत नाहीत. तिथं तांब्याची विणलेली विक लावून जास्तीचं सोल्डर शोषून घ्यायचं. माझ्या बोर्डावरचं सोल्डर पिनांच्या मागं, चिपच्या अंगाला जाऊन लपलं होतं. विक तिथं पोचेना. आई म्हणाली, ‘घागरीला डाग देणाऱ्याकडं ने.’

नेलं ते स्टेशन रोडच्या मोबाईल दुरुस्तीवाल्या पोराकडं. बाजार होताच, म्हणून बायकोही सोबत. पोरानं बोर्ड मायक्रोस्कोपखाली धरला, फ्लक्स टाकलं, हॉट एअर सुरू केली. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी,’ म्हणाला, आणि खांद्यात दाबलेल्या फोनवर कुणाशी तरी बोलत बोलत चिप उचलून, पॅड साफ करून, परत जागेवर ठेवली. डोक्यावर त्याचा पंखा पूर्ण वेगात फिरत होता.

बायकोनं आधी पंख्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

‘त्याचं फ्लक्स चिकट आहे,’ मी म्हणालो.

‘करता क्या है ये, सर?’ पोरानं विचारलं. मी सांगितलं. त्यानं फोन ठेवलाच. ‘हौ? पानी आया तो बजता? सर, हमारे मोहल्ले के वास्ते पाँच बना के देव ना. पैसे देता मैं.’

‘द्या की बनवून,’ बायको भाजीची पिशवी उचलत म्हणाली. ‘मी पोरांना घेऊन हिंगोलीला जाते. आईकडं कूलर आहे.’