एका वेलांटीची पुल रिक्वेस्ट

माझा भाचा लुआंटी नावाच्या इंजिनावर चालणारा ठोकळ्यांचा खेळ खेळतो. फिनलंडच्या पेर्तू अहोला यांनी २०१० मध्ये माइनटेस्ट या नावाने त्याची सुरुवात केली, २०२४ मध्ये त्याचे पुन्हा बारसे झाले आणि लुआ ही प्रोग्रामिंगची भाषा येणारा कोणीही त्यासाठी मॉड, म्हणजे खेळात भर घालणारी जोडणी, लिहू शकतो, हे ज्ञान मला त्याच्याकडूनच मिळाले. त्याच्या लाडक्या मॉडमध्ये दारे, खिडक्या, विहिरी असे घरादाराचे सगळे सामान होते. नव्हते ते फक्त मराठी. "मामा, तू मराठीवर एवढी भाषणं देतोस, मग कर की!" असे तो भर पंगतीत म्हणाल्यामुळे मला माघार घेता येईना.

काम पाहता किरकोळ होते. एका फायलीत डावीकडे इंग्रजी शब्द, मध्ये बरोबरचे चिन्ह आणि उजवीकडे मराठी शब्द, अशा त्रेसष्ट ओळी भरायच्या. त्या मी रविवारी दुपारच्या चहापूर्वी भरल्या आणि पुढचे तीन आठवडे त्या पाठवण्यात घालवले. फोर्क, ब्रांच, कमिट आणि पुश हे गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीचे विधी यथासांग पार पाडून मी पुल रिक्वेस्ट, म्हणजे माझे बदल मूळ मॉडमध्ये घेण्याची विनंती, धाडली. नंतर एकच शब्द दुरुस्त केला, तर गिटने त्रेसष्टच्या त्रेसष्ट ओळी बदलल्याचे दाखवले; विंडोजने प्रत्येक ओळीच्या शेवटी आपले एक अदृश्य चिन्ह ठेवून दिले होते. शिवाय 'बदल', 'बदल २', 'आता तरी' आणि 'देवा' या माझ्या चार कमिटांचे, म्हणजे बदलांच्या नोंदींचे, एकच करावे, अशी तपासणाऱ्या गृहस्थांनी अत्यंत नम्र विनंती केली. इतक्या नम्रपणे माझी चूक आजवर घरातही कोणी दाखवली नव्हती.

मग एक वाक्य आडवे आले: अमुक वस्तू तुटली. वस्तूच्या जागी अ‍ॅटचे चिन्ह आणि पुढे एकाचा आकडा असतो व खेळ तेथे योग्य नाव घालतो. मी स्वाभिमानाने तो एक देवनागरीत लिहिला. खेळाने त्याला ओळखच दाखवली नाही. आकडा सुधारल्यावर लिंग उभे राहिले, कारण दरवाजा तुटला, खिडकी तुटली आणि लाकूड तुटले, या तिघांना सामावणारे एक क्रियापद मराठीत नाही, आणि इंग्रजी वाक्य लिहिणाऱ्याला ही अडचण स्वप्नातही पडलेली नसते. अखेर 'तुटलेली वस्तू:' असे पंचनाम्याच्या भाषेत लिहून मी सुटलो.

सुटलो असे वाटले, इतकेच. देवनागरी फॉन्ट घालून खेळ सुरू केला, तर भाचा पडद्याकडे पाहत म्हणाला, "मामा, खडिकी म्हणजे काय?" ऱ्हस्व वेलांटी आपण व्यंजनाच्या आधी काढतो, पण संगणक ती व्यंजनानंतर साठवतो, साठवलेल्याच क्रमाने अक्षरे मांडली, तर वेलांटी शेजारच्या अक्षराच्या गळ्यात पडते. त्यामुळे खिडकीची खडिकी झाली आणि चिखलाचा चखिल. जोडाक्षरे तर पाय मोडून एकेकटी उभी होती. अक्षरे जुळवणारी हार्फबझ नावाची तयार कोडची लायब्ररी असते खरी, पण ती इंजिनात बसवणे हे माझ्यासारख्या तीन आठवड्यांच्या स्वयंसेवकाचे काम नव्हे.

तेव्हा मी इंजिनाऐवजी मराठीच बदलायला घेतली. ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षर नसलेले शब्द शोधताना मी शब्दकोशाची पाने इतकी उलटली की बायकोने परीक्षेला बसताय का, असे विचारले. चिखलाचा गाळ केला, खिडकीचा झरोका, किल्लीची चावी, दिव्याची समई, भिंतीचा कूड आणि विहिरीचा आड. दगड आणि गवत मुळातच गुणी असल्याने त्यांना हात लावावा लागला नाही. पाहता पाहता त्या आधुनिक बंगल्याचा पेशवाईतला वाडा झाला. तपासणाऱ्यांना मराठी येत नसल्याने त्यांना तो पसंत पडला आणि एका पहाटे माझी पुल रिक्वेस्ट मर्ज होऊन मॉडमध्ये सामावली.

फक्त शिडीला पर्याय सापडला नाही. तिची ऱ्हस्व वेलांटी पुढच्या दीर्घ वेलांटीशी अशी झोंबली होती की शब्द वाचताच येत नव्हता. ती ओळ मी रिकामी ठेवली.

त्याच संध्याकाळी भाच्याचा फोन आला. "मामा, मी आडात पडलोय. वर यायला काय घेऊ?"