डोकं झोपलं, छाती जागी

नंदुरबारात मिरचीचा सीझन असताना नाकाने गप्प बसावं ही अपेक्षाच चुकीची. पथारीवर लालभडक मिरची पसरलेली, त्यात वारा सुटला की संपलं, आणि आमच्या सासऱ्यांचा धंदाच मिरचीचा म्हटल्यावर जावईबापूंना रविवारी तिथे हजेरी लावावीच लागते. शिंकून शिंकून बरगड्या दुखायला लागल्या तेव्हा डॉक्टरांनी क्लोरफेनिरामिनची 4 मिलिग्रॅमची बारकी गोळी दिली, रात्री घ्या, झोप येईल म्हणाले.

झोप आली ना! पण फक्त डोक्याला. डोळे मिटलेले, जीभ टाळूला चिकटलेली आणि छातीत धाडधाड चालू. भाच्याने हौसेने दिलेलं ते मनगटातलं घड्याळ बघितलं तर 108! पडल्या पडल्या! बायको म्हणे गॅस आहे, ओवा चावा. आई उठून आली, "काय व्हयनं रे भो, छातीमा धडधड व्हई रायनी का?" आणि तिने लगेच मीठमिरची ओवाळायला घेतली, म्हणजे पुन्हा मिरचीच.

सकाळी डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो नॉर्मल निघाला. मग म्हणाले, ही जुन्या पिढीची गोळी, शिंका आणणारं हिस्टामाइन अडवते ते ठीक, पण मेंदूतही शिरते म्हणून झोप, आणि जाता जाता ॲसिटिलकोलिन नावाच्या, नसांचे निरोप पोचवणाऱ्या रसायनालाही अडवते, म्हणून तोंड कोरडं. वेगस नावाची नस त्याच्याच जोरावर हृदयाचा वेग आवरून धरते. तिचा जोर कमी पडला की हृदय कन्नड घाटात ब्रेक सैल झालेल्या एसटीसारखं सुटतं. सगळ्यांचं होत नाही म्हणे, माझं झालं, मान मोठा. आबांना प्रोस्टेटचा त्रास आहे, त्यांना चुकूनही देऊ नका, लघवी अडकेल, हेही बजावलं (आबा आदल्याच दिवशी "मले बी एक दे" करत होते). वर निम्मी गोळी अंगातून जायलाच साधारण 20 तास लागतात, म्हणजे दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी फाईलवर डोकं टेकून होतो त्याचाही खुलासा झाला, साहेबांना मात्र तो पटला नाही.

आता फेक्सोफेनाडिन दिलीय, ॲलर्जीचीच पण झोप न आणणारी गोळी. तिचं मूळ औषध टर्फेनाडिन, तेही झोप न आणणारं, पण काही औषधांसोबत घेतलं की हृदयाची लयच बिघडायची म्हणून 1998 मध्ये अमेरिकेत बंद झालं. हिला तो दोष नाही. फक्त फळांच्या रसाबरोबर घ्यायची नाही, नाहीतर नीट लागू पडत नाही. आईने मोसंबीचा ग्लास भरून आणला होता, तो आबांनी संपवला.

ठोके जागेवर आले, डोकंही टवटवीत. बायकोने लगेच माहेरी फोन लावून सांगितलं, यांना आता गुंगी येत नाही. रविवारी सकाळी सातलाच बोलावलंय सासऱ्यांनी, माल उलटवायला.